चौदा वर्षांची कॅम्पेन नव्या नियमांत कशी न्यावी?

प्रश्न : आम्ही सहा मित्र २०११ सालापासून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांवर आणि कल्पनेवर चालणाऱ्या भूमिका-खेळाची एकच कॅम्पेन, म्हणजे एकच सलग कथा, खेळत आहोत. इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात सुरू झालेला हा खेळ आता महिन्यातून दोन रविवारी संध्याकाळी गंगापूर रोडवरच्या माझ्या घरी चालतो. दोघे नोकरीसाठी पुण्याला गेले, ते व्हिडिओ कॉलवरून बसतात. डीएम, म्हणजे गोष्ट रचून खेळ चालवणारा, पहिल्यापासून मीच आहे. आमचे जग आम्हीच रचलेले असून त्यातले मुख्य शहर नदीकाठी आहे आणि तिथल्या पुराची उंची घाटावरच्या दोन तोंडांच्या मूर्तीवरून मोजतात. ही कल्पना गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीवरून सुचली, हे नाशिककरांना सांगायला नको. नियम मात्र अजून साडेतीन आवृत्तीचेच आहेत. पाचही कॅरॅक्टर अकराव्या लेव्हलला पोहोचली आहेत आणि एका लढाईला तीन तास लागू लागले आहेत, कारण प्रत्येक वाराला सात-आठ बोनसांची बेरीज करावी लागते. नव्याने येऊ पाहणारे दोन खेळाडू फक्त पाचवी आवृत्ती जाणतात. म्हणून बदलायचे ठरवले, पण कॅरॅक्टर शीट (पात्राचे सगळे आकडे लिहिलेला कागद) समोर घेऊन बसलो तेव्हा एकही आकडा धड जुळेना. आमचा आर्केन आर्चर (जादूचे बाण सोडणारा), आमचा पॅलाडिन (धर्मयोद्धा) आणि प्रत्येकाच्या अंगावरच्या डझनभर जादुई वस्तू यांचे काय करावे? आणि पाचव्या आवृत्तीचे नियम २०१४चे घ्यावेत की २०२४चे सुधारलेले?
— एक डीएम, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आकडे जुळणार नाहीत, तेव्हा ते जुळवण्याचा नाद आधी सोडावा. हे मी ठेच लागल्यावर सांगत आहे. माझ्या स्वतःच्या टेबलावर हाच बदल करताना मी आठवडाभर जागून सगळ्या शीटांवरचा प्रत्येक आकडा सूत्राने बदलला, प्रत्येक जुन्या फीटला (कॅरॅक्टरच्या खास कसबाला) नवे भावंड शोधले, आणि रविवारी खेळायला बसलो तेव्हा पहिल्याच लढाईत आमच्या ‘रोग’च्या (चोरट्या कॅरॅक्टरच्या) खेळाडूला आपली पाळी आल्यावर काय करावे हेच सुचेना. शीटावर सगळे उतरले होते, फक्त दहा वर्षे ओळखीचे असलेले ते कॅरॅक्टर त्यात कुठे नव्हते. ती लढाई आम्ही अर्धवट सोडली आणि चहा घेऊन आपापल्या घरी गेलो.

आकडे का जुळत नाहीत हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. तिसरी आवृत्ती २००० साली आली आणि २००३ साली ती सुधारून साडेतीन झाली. तिची रचना अशी की लेव्हल वाढेल तसे आकडे वाढतच जातात, त्यांना वर छत नाही. अकराव्या लेव्हलचा आपला फायटर घ्या. लेव्हलचे ११, ताकद २२ असल्यामुळे ६, तलवारीच्या जादूचे २ आणि फीटचा १ मिळून त्याचा पहिला वार +२० ने पडतो, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर पडेल त्या आकड्यात २० मिळवतात. जादुई फुल प्लेट, जादुई ढाल, संरक्षणाची अंगठी, गळ्यातला ताईत असे सगळे चढवले की त्याचा आर्मर क्लास, म्हणजे त्याला वार लागायला शत्रूने गाठायचा आकडा, २९ होतो. २०१४च्या पाचव्या आवृत्तीने हे आकडे मुद्दाम आवळून धरले. तिथे त्याच लेव्हलच्या फायटरला लेव्हलमुळे फक्त ४ मिळतात, ताकद २० च्या वर जात नाही म्हणून ५, तलवारीचा १, आणि एकूण होतात १०. प्लेट आणि ढाल मिळून आर्मर क्लास २०. माणूस ३ नोव्हेंबरला झोपला आणि ४ नोव्हेंबरला निम्मा होऊन उठला, असे खेळाडूला वाटणारच.

प्रत्यक्षात तो निम्मा झालेला नसतो. जुन्या नियमांत ओगर या राक्षसाचा आर्मर क्लास १६ आहे, नव्यात ११. म्हणजे +२० असो वा +१०, दोन्हीकडे फाशावर १ पडला तरच वार चुकतो. ओगरचे हिट पॉइंट (मार सोसण्याचे गुण) मात्र २९ चे ५९ झाले आहेत, त्यामुळे तो एका फटक्यात आडवा होत नाही इतकेच. खरा फरक पडतो तो लहानसहान शत्रूंच्या बाबतीत, आणि तो डीएमने आधीच नीट समजून घेतला पाहिजे. जुन्या नियमांतला गॉब्लिन +२ ने वार करतो. २९ च्या आर्मर क्लाससमोर त्याला फाशावर २० च पडावे लागतात. दहा गॉब्लिनांनी एकदम वार केले तर सरासरी अर्धा वार लागतो. २०१४च्या पुस्तकातला गॉब्लिन +४ ने वार करतो आणि २० च्या आर्मर क्लासवर त्याला १६ पुरतात. दहांपैकी अडीच वार लागतात आणि दर फेरीला चौदा-पंधरा हिट पॉइंट जातात. चौथ्या लेव्हलनंतर ज्यांना आपल्या खेळाडूंनी कस्पटासमान मानले, ते चाळीस गॉब्लिन पुलावर उभे राहिले तर अकराव्या लेव्हललाही विचार करायला लावतात. मला हा बदल आवडतो. आपल्या खेळाडूंना तो आवडेल की नाही, हे त्यांना आधी सांगून, विचारून ठरवावे.

तर शीट बदलायचे कसे? जुने शीट उलटे ठेवावे आणि खेळाडूला विचारावे, ‘तुझ्या कॅरॅक्टरने केलेल्या कोणत्या पाच गोष्टी या टेबलावरचा प्रत्येक जण सांगू शकेल?’ खेळाडू फीटची नावे सांगत नाहीत. ते सांगतात की पुरात मूर्तीच्या गळ्यापर्यंत पाणी आले असताना त्याने दोरीवरून नाव ओढून आणली होती, किंवा राजाच्या तोंडावर खोटे बोलून ती तुरुंगातून सुटली होती. त्या पाच गोष्टी लिहून घ्याव्यात आणि मग नवे पुस्तक उघडून त्याच लेव्हलचे कॅरॅक्टर अगदी कोरे म्हणून बांधावे, फक्त त्या पाच गोष्टी त्याला करता आल्या पाहिजेत एवढीच अट ठेवावी. साडेतीनमध्ये अकराव्या लेव्हलच्या मनुष्य फायटरकडे अकरा फीट असतात. २०१४च्या नियमांत त्याला तशा जागा तीनच मिळतात, आणि त्याही ताकद वगैरे वाढवण्यात खर्ची पडू शकतात. अकराची तीन करताना आठ फीट गेल्याचे दुःख होते, पण पाच गोष्टींची यादी समोर असली की त्या आठांतले बहुतेक फक्त बेरजेला भर घालणारे होते हे खेळाडूच्याच लक्षात येते.

आपल्या आर्केन आर्चरचे उदाहरण मी जरा सविस्तर घेतो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात. साडेतीनमध्ये हा प्रेस्टिज क्लास, म्हणजे मागाहून घ्यायचा खास पेशा, होता. तो घेण्याआधी दुसऱ्या क्लासच्या लेव्हल, ठरावीक फीट आणि एल्फ किंवा हाफ-एल्फ वंशाचे असणे आवश्यक होते. पाचव्या आवृत्तीत प्रेस्टिज क्लास जवळजवळ नाहीसेच झाले आणि आर्केन आर्चर २०१७च्या पुरवणी पुस्तकात फायटरचा सबक्लास (पोटशाखा) म्हणून आला. नाव तेच असल्याने लोक सरळ तोच घेतात आणि फसतात, कारण नव्या आर्चरला खरे स्पेल (मंत्र) टाकताच येत नाहीत. त्याच्याकडे दोन विश्रांतींच्या मध्ये वापरायचे दोन जादुई बाण असतात. आपला आर्चर जुन्या पद्धतीने विझर्ड (मांत्रिक) ५, फायटर ४, आर्चर २ अशा लेव्हलचा असेल आणि टेबलावर सगळ्यांना आठवणारी त्याची गोष्ट ‘बाणाच्या टोकावर फायरबॉल बांधून सोडणे’ ही असेल, तर सबक्लासचे नाव विसरून फायटर ६ आणि विझर्ड ५ असे बांधावे. फायरबॉल राहतो, उलट जुन्या हिशेबाने पाच फाशांचा होता तो आता आठ फाशांचा होतो. राहिला बाण. पाचव्या आवृत्तीत फायरबॉल दीडशे फुटांपर्यंत जातो आणि लाँगबोचा साधा पल्लाही दीडशे फुटांचाच आहे, तेव्हा ‘फायरबॉल बाणावरून जातो’ असे टेबलावर जाहीर केले तर नियमाचा एक शब्दही बदलावा लागत नाही.

विझर्ड आणि क्लेरिक (पुजारी) खेळणाऱ्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी. जुन्या नियमांत हेस्ट (वेग वाढवणारा स्पेल), उडण्याचा स्पेल, अदृश्यता अशी एकावर एक चार-पाच कवचे चढवून दरवाजा फोडायचा हीच रीत होती. नव्या नियमांत अशा बहुतेक स्पेलना एकाग्रता लागते आणि एका वेळी एकाच स्पेलवर एकाग्रता ठेवता येते; मार बसला की १० किंवा लागलेल्या माराच्या निम्मे, यांतले जे जास्त असेल त्याविरुद्ध सेव्ह करावा लागतो, म्हणजे फासा टाकून तो आकडा गाठावा लागतो, नाहीतर तो स्पेल सुटतो. आपल्या तीन तासांच्या लढाया निम्म्या वेळात आटोपतील त्या मुख्यतः यामुळे, आणि सगळ्यात मोठी कुरकुरही याचीच होईल.

आता वस्तू. साडेतीनच्या तक्त्याप्रमाणे अकराव्या लेव्हलच्या एका कॅरॅक्टरकडे ६६,००० सोन्याच्या नाण्यांएवढा ऐवज असणे अपेक्षित आहे, आणि नियमांचे गणितही तो आहे असे धरूनच मांडलेले आहे. पाचव्या आवृत्तीचे गणित वस्तूंशिवाय चालते. शिवाय तिथे बऱ्याच शक्तिमान वस्तूंशी ‘अट्यूनमेंट’ (जादुई जोड) साधावी लागते आणि ती एका वेळी तीनच वस्तूंशी साधते. म्हणून प्रत्येकाच्या वस्तूंचे दोन ढीग करावेत. ज्यांना टेबलावर कधी नाव मिळाले नाही, त्या अंगठ्या, ताईत, झगे आणि हातमोजे निव्वळ बेरजेचे होते. त्यांची जादू नव्या गणितात आधीच मुरलेली आहे असे समजून ते शीटावरून उतरवावेत. ज्यांना नाव आहे, ज्या कोणाच्या तरी हातून मिळाल्या आहेत, त्या राहिल्या पाहिजेत, मग त्यांचा जुना आकडा नव्या पुस्तकात बसो वा न बसो. नव्या पुस्तकात तशी तलवार नसेल तर आपणच लिहावी.

इथे एक मोह होतो, तो टाळावा. नियम बदलले याचे कारण कथेत दाखवण्यासाठी डीएम जगावर एखादे अरिष्ट आणतात, आकाश फाटते, जादूचा झरा आटतो. प्रकाशकांनीही हेच केले आहे. १९८९ साली दुसरी आवृत्ती आली तेव्हा ‘फरगॉटन रेल्म्स’ या जगात देव पृथ्वीवर उतरवले गेले, आणि नव्या नियमांत असॅसिन (मारेकरी) हा क्लास नव्हता म्हणून त्या गोंधळात जगातले झाडून सगळे असॅसिन मारून टाकले. २००८ साली चौथ्या आवृत्तीसाठी ‘स्पेलप्लेग’ आणून त्याच जगाचा काळ सुमारे शंभर वर्षे पुढे ढकलला. आपल्या टेबलाला असले काही करण्याचे कारण नाही. आपल्या नदीकाठच्या लोकांना नियमांचे पुस्तक माहीत नाही. फायटर काल जसा लढत होता तसाच आज लढतो आहे, मोजणारे आपण फक्त पट्टी बदलली आहे.

मात्र काही ठिकाणी नियम हाच कथेचा भाग झालेला असतो, आणि चौदा वर्षांच्या कॅम्पेनमध्ये अशी ठिकाणे नक्की असणार. आपला पॅलाडिन जुन्या नियमांनी समोरच्या माणसाचा दुष्टपणा थेट ओळखू शकत होता. पाचव्या आवृत्तीत त्याला सैतान, देवदूत, मेलेले-जिवंत अशांची चाहूल लागते; लबाड प्रधान त्याच्या नजरेतून सहज सुटतो. त्याने पूर्वी कोणाला असे पकडले असेल तर ते पकडलेलेच राहील, पुढच्या प्रधानाला मात्र पुरावा शोधूनच पकडावे लागेल; आपल्या पुढच्या कटकारस्थानांसाठी हे सोयीचेच आहे. दुसरे ठिकाण मृताला परत आणण्याचे. साडेतीनमध्ये त्याला ५,००० नाण्यांचा हिरा लागत होता आणि परत आलेल्याची एक लेव्हल जात होती; नव्यात हिरा ५०० चा आणि त्रास चार दिवसांच्या विश्रांतीने संपणारा. आपल्या खेळाडूंनी कधी घरदार विकून सोबत्यासाठी तो हिरा घेतला असेल तर आज त्याची किंमत दहा पटींनी उतरवून त्या त्यागाची थट्टा करू नये. आपल्या जगात हिरा ५,००० चाच, असे पहिल्या दिवशी सांगून टाकावे.

विश्रांतीचेही तसेच आहे. जुन्या नियमांत एका रात्रीत लेव्हलइतकेच हिट पॉइंट परत मिळत होते, नव्यात सगळे मिळतात. डोंगरदऱ्यांतून आठवडाभराचे प्रवास करणाऱ्या कॅम्पेनमध्ये यामुळे वाटेवरची भीती नाहीशी होते. २०१४च्या डीएमच्या पुस्तकात यावर एक पर्यायी नियम दिलेला आहे, त्यात लहान विश्रांती आठ तासांची आणि मोठी सात दिवसांची धरतात. तो मला टोकाचा वाटतो, पण केवळ प्रवासापुरता वापरला तर चालतो.

२०१४ की २०२४, याचे उत्तर थोडक्यात देतो. नवी पुस्तके विकतच घ्यायची असतील तर २०२४ची घ्यावीत. प्रत्येक क्लासचा सबक्लास तिसऱ्याच लेव्हलला मिळतो, फायटरसारख्यांना शस्त्राचे कौशल्य दाखवायला जास्त वाव आहे, आणि पॅलाडिनचा स्माइट (वाराला जोडायचा दैवी मार) तेवढा जरा आवरला आहे. नवे दोन खेळाडू २०१४ची पुस्तके घेऊन येणार असतील तर तीच वापरावीत. दोन्हींची हाडे एकच आहेत. आणि फक्त बेरजेचा कंटाळा हेच कारण असते तर मी २००९ साली साडेतीनवरूनच निघालेल्या ‘पाथफाइंडर’चे नाव घेतले असते, पण त्यात बेरीज कमी होत नाही.

शेवटी, बदल मोठ्या लढाईच्या मधोमध करू नये. एक प्रकरण संपू द्यावे, आणि पुढचे सुरू करण्याआधी एक रविवार जुनी, सगळ्यांना तोंडपाठ असलेली एखादी लढाई नव्या शीटांनी पुन्हा खेळावी, खानावळीत बसून कोणीतरी ती गोष्ट वाढवून सांगत आहे असे समजून. त्यात कोणी मेले तरी ते खरे धरायचे नाही. पुण्याच्या दोघांना नवे शीट कॉलवरून समजावण्यापेक्षा त्या रविवारी नाशिकला बोलवावे.

प्रश्न : मी आठ वर्षे हाफ-एल्फ खेळतो आहे. आमचा डीएम २०२४चे नियम घेणार म्हणतो, पण त्या पुस्तकात हाफ-एल्फ नाही. मला मनुष्य किंवा एल्फ व्हावे लागेल का?
— एक खेळाडू, नाशिक रोड

उत्तर : नाही. २०२४च्या खेळाडूंच्या पुस्तकातून हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क गाळले गेले हे खरे, पण २०१४च्या पुस्तकातला हाफ-एल्फ नव्या कॅरॅक्टरसाठी घेता येतो. एकच काळजी घ्यावी लागते. जुन्या हाफ-एल्फला त्याच्या वंशामुळे करिष्मा आणि आणखी दोन गुणांत वाढ मिळत होती. नव्या नियमांत ही वाढ वंशाकडून काढून पार्श्वभूमीकडे, म्हणजे कॅरॅक्टर पूर्वी काय करत होते त्याकडे दिली आहे. दोन्ही घेतल्या तर दुप्पट होते. वंशाची सोडावी, पार्श्वभूमीची घ्यावी.

प्रश्न : पाचपैकी चौघांना नवे नियम हवे आहेत, एकाला अजिबात नको आहेत. तो विझर्ड खेळतो आणि जुने नियम त्याला पानांसकट पाठ आहेत. त्याचे मन कसे वळवावे?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : त्याचे मन वळवण्याआधी त्याचे काय जाते आहे ते बघावे. साडेतीनमध्ये विझर्ड खेळणे म्हणजे सकाळी उठून कोणता स्पेल किती वेळा लागेल याचा अंदाज बांधून तो तितक्या वेळा तयार ठेवणे. ज्याने वर्षानुवर्षे हा अंदाज बरोबर बांधला, त्याची ती विद्या आहे. पाचव्या आवृत्तीत स्पेल तयार ठेवले की त्यांतला कोणताही, हवा तितक्या वेळा, स्लॉट (स्पेल टाकण्याच्या ठरलेल्या जागा) असेपर्यंत टाकता येतो. खेळ सोपा झाला आणि याच्या विद्येची किंमत गेली. चौघांचा कल बघून मी बदलाच्याच बाजूने सांगेन, पण त्याला दोन गोष्टी द्याव्यात. जुन्या काळात त्याने स्वतः शोधलेले किंवा कुठून मिळवलेले, नव्या पुस्तकात नसलेले दोन-तीन स्पेल त्याच्यापुरते नव्या नियमांत लिहून द्यावेत, आणि ते त्यानेच लिहावेत. नियम पाठ असलेला माणूस हे डीएमपेक्षा चांगले करतो. शिवाय तीन सेशननंतर पुन्हा विचारण्याचा शब्द द्यावा आणि तो पाळावा. जुनी शीटे तोपर्यंत जवळ असू द्यावीत. माझ्या टेबलावर असे विचारल्यावर एकाने खरोखरच नको म्हटले होते. आम्ही त्याचा विझर्ड एका विद्यापीठात अध्यापक म्हणून बसवला आणि त्याने नव्या नियमांत रोग घेतला. विझर्ड अजून अधूनमधून पत्रे पाठवतो, आणि ती तोच लिहितो.

प्रश्न : पाचव्या आवृत्तीचे नियम फुकट आणि कायदेशीरपणे मिळतात, हे खरे आहे का? सगळ्यांनी पुस्तके घेणे आम्हाला परवडणारे नाही.
— एक विद्यार्थी, सिडको, नाशिक

उत्तर : खरे आहे. जानेवारी २०२३ मध्ये ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ ही या खेळाची प्रकाशक कंपनी आपला खुला परवाना बदलणार असे बाहेर आले, खेळाडूंनी मोठा विरोध केला, आणि त्याच महिन्यात कंपनीने २०१४च्या नियमांचा गाभा असलेला दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली दिला. २०२४च्या नियमांचा तसाच दस्तऐवज एप्रिल २०२५ मध्ये आला. दोन्ही पीडीएफ कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवता येतात आणि घरी खेळण्यासाठी छापून घ्यायला हरकत नाही. पहिला दस्तऐवज सुमारे चारशे पानांचा आहे, सगळा झेरॉक्सवाल्याकडे टाकू नका. क्लास, लढाई आणि स्पेल एवढे भाग पुरतात. त्यात प्रत्येक क्लासचा एकच सबक्लास आणि सगळ्या मिळून एकच फीट दिलेले आहे. म्हणून टेबलावर खेळाडूंचे पुस्तक एक तरी असावे, आणि ते पाच जणांनी वर्गणी काढून घ्यावे.